एक गुंडा कमी

मे महिन्यात आमच्या अमळनेरचा पारा 44 अंशांवर जातो, कूलर तोंडावर गरम वाफ सोडतो, आणि नेमकी अशा वेळी मी मांडीवर पाव किलो लोकर घेऊन बसलेली असते. ह्यात माझा दोष नाही. नातू नाशकात राहतो. नाशकात थंडी पडते. थंडीत स्वेटर लागतो. आणि त्याच्या अंगाचं माप घ्यायला तो माझ्या तावडीत सापडतो तो फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस होतो, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि ह्या सगळ्या गलबल्यात मी एका चार वर्षांच्या पोराच्या मागे टेप घेऊन घरभर धावत असते.

नुसतं माप घेऊन भागत नाही. पाठ विणून झाली की ती पाठीला लावून बघावी लागते. पोरगं चड्डीवर होतं, कोपरापर्यंत आमरसात होतं. मी ती निळी लोकरीची पाठ त्याच्या घामेजलेल्या पाठीला लावली, तर असा काही टाहो फोडला की समोरच्या काकू हातातली लाटी तशीच घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, चटका बसला. तसं बघितलं तर चटकाच होता.

"आजी, हे चावतं!" तो म्हणाला.

"थंडीत नाही चावणार, सोन्या."

"थंडी कुठे आहे?"

प्रश्न बिनतोड होता. मी पाठ सोडवून घेतली. तिला आमरस लागला होता.

आमच्या घरात लोकरीला तशी कधीच किंमत नव्हती. सासरे प्रताप मिलमध्ये होते. गावाची काळी माती कापसाची, घर कापसाचं, सासूबाईंच्या गोधड्या कापडाच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रंकेत दोन सुया आणि अर्धा विणलेला मफलर होता. सासूबाईंनी तो दोन बोटांत उचलून पाहिला आणि पुन्हा ट्रंकेत ठेवला. मी पण काही मेंढपाळाच्या घरातली नव्हते. शाळेत आम्हाला टकळीवर सूत कातायला होतं. माझं सूत इतकं जाडं-बारीक निघायचं की आमच्या बाईंनी एकदा विचारलं, "हे सूत आहे की शेवया?" दोन सुयांवर मात्र हात बसला तो बसलाच. आता तर दुकानातल्या बहुतेक लोकरीचा मेंढीशी काही संबंध उरलेला नाही, सगळं ॲक्रिलिक. पण त्याला ॲक्रिलिक म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही.

सासूबाईंचं शिलाई मशीन अजून घरात आहे. त्याचा विषय निघाला की ह्यांचा श्वास जड होतो. त्याचं कारण असं की 1945 साली आमच्या ह्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, आणि तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्यांनी शेअर घेतले आणि पेटीत टाकून विसरून गेले, त्यांची नातवंडं आज हसतमुख आहेत. आमच्या सासऱ्यांनाही कुणीतरी शेअर घेता का म्हणून विचारलं होतं म्हणे. त्यांनी त्या पैशात मशीन घेतलं. ह्यांचं म्हणणं, जगातलं सगळ्यात महाग शिलाई मशीन आमच्याकडे आहे, आणि आता त्यावर फक्त पेपरची रद्दी ठेवतात.

तर मुद्दा स्वेटरचा. शेजारच्याच भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांनी ह्या वर्षी लक्षवाती घेतल्या आहेत. एक लाख वाती हाताने वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला लावायच्या. दुपारी जेवणं झाली की त्या कापसाची टोपली घेऊन आमच्याच कूलरपुढे येतात, कारण त्यांचा कूलर आवाज करतो. (आमचाही करतो. पण आमचं वीजबिल आम्ही भरतो.) पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मांडीकडे बघून डोळे मोठे केले.

"माय वं! इतलं ऊन तपी ऱ्हायनं, आनि तू सुटर ईनी ऱ्हायनी?"

त्यानंतर आम्ही दोघी समोरासमोर बसून मोजायला लागलो. त्यांच्या वाती, माझे टाके. दोघीही ओठांतल्या ओठांत. आता हे ज्याने केलं असेल त्यालाच कळेल. मी म्हणते, "बावीस, तेवीस, चोवीस," आणि समोरून येतं, "एकोनसत्तर, सत्तर." माझा पुढचा टाका एकाहत्तरावा होतो. त्या तिकडे पंचवीसवर येतात. मग दोघी थांबतो, एकमेकींकडे संशयाने बघतो.

"माय वं, मन्ही मोजनी चुकी गई!"

त्यांना निदान टोपली उपडी करून पुन्हा मोजता येतं. मला उसवावं लागतं. उसवलेली लोकर सुरकुतलेली, कूलरच्या वाऱ्यावर तिचा तूस उडतो आणि नेमका ह्यांच्या चहात पडतो. हे काही बोलत नाहीत. कपातून तूस काढून बशीच्या कडेला लावतात आणि माझ्याकडे दोन क्षण बघतात. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, उजवी बाही झाली. डावी कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली.

मी म्हटलं, दुकानदाराने चारच गुंडे दिले. हे म्हणाले, पाच. मी म्हटलं, चार. ह्यांनी डायरी काढली. जानेवारीत जळगावहून आणले, निळे, पन्नास ग्रॅमचे, पाच, असं त्यात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, तुम्ही लिहिलं पाच, पिशवीत होते चार. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात डायरी एकदाही खोटी ठरलेली नाही, आणि मीही नाही. त्यामुळे वाद तिथेच राहिला.

खरी पंचाईत पुढेच. लोकरीच्या गुंड्यावर एक कागदी पट्टी असते. तिच्यावर शेड नंबर असतो आणि लॉट नंबर असतो. शेड म्हणजे रंग. लॉट म्हणजे तो रंग कोणत्या घाण्यात काढला ते. एकाच शेडची लोकर दोन वेळा रंगवली तर दोन्ही वेळी तंतोतंत एक येत नाही, केसभर फरक पडतोच. हातात धरून दिसत नाही, विणल्यावर मात्र लांबूनही दिसतो. म्हणून शहाणी बाई आधीच एक गुंडा जास्त घेते आणि पट्टी जपून ठेवते. पट्टी मी जपून ह्यांच्याकडे दिली होती. ह्यांनी तिच्या मागे दुधाचे खाडे लिहिले होते.

गावात दुकानदाराकडे गेले तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी रेनकोट मागितला. "मावशी, लोकर माळ्यावर टाकली. आता कूलरचं गवत आहे, देऊ?"

"एक गुंडा तरी बघा ना."

"गुंडा काय, दिवाळीनंतर पूर्ण टोळी येईल. तोवर गवत न्या."

म्हणजे जळगाव. मी एकटी जाऊन दुपारपर्यंत परत आले असते. पण मंगळवार होता. मंगळग्रह मंदिरामुळे मंगळवारी आमच्या गावात बाहेरगावची गर्दी असते, आणि लेकीला त्या गर्दीतून सुटायचं होतं, म्हणून ती निघाली. ती निघाली म्हणून नातू निघाला. जाऊबाईंना कापूस घ्यायचा होता. कापसाच्या गावातून कापूस आणायला जळगावला! पण त्यांना सरकी काढून पिंजलेला, मऊ, एका विशिष्ट दुकानातलाच लागतो. आणि हे निघाले, कारण हे सगळीकडे निघतात. पंचाहत्तरी पार केल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट, ह्यांना तेही नाही. तेव्हापासून ह्यांना घरात बसणं म्हणजे नुकसान वाटतं. धरणगावला कोणाचं काय आहे, पारोळ्याला कोण आजारी आहे, ह्याची ते रोज चौकशी करतात.

नमुना म्हणून मी ती अर्धी बाही सुईसकट पिशवीत घेतली होती, तिला लागून लिंबाएवढी लोकर. धरणगावच्या अलीकडे एक गतिरोधक आला. ड्रायव्हरने तो पाहिला नाही, आम्ही सगळ्यांनी अनुभवला. पिशवी आडवी झाली आणि लोकर निघाली.

मी ओरडले, "अहो, माझा गुंडा पळाला!"

अख्खी गाडी मागे वळली. पुढच्या सीटवरच्या बाईने आधी गळ्यातली पोत धरली. मागून एक जण म्हणाला, "कुठंय? उतरला का?" दोन तरणी पोरं तर उठूनच उभी राहिली. तोवर माझा गुंडा चालकाच्या दिशेने उलगडत चालला होता, एका आजोबांच्या काठीला वळसा घालून, आंब्याच्या पाटीखालून, कंडक्टरच्या दोन पायांच्या मधून. कंडक्टरने खाली बघितलं, मग दोरा बघत बघत माझ्यापर्यंत आला.

"आजी, ह्याचं तिकीट काढलं का?"

"अर्धं काढा," हे म्हणाले. ह्यांना विनोद सुचतात ते नेहमी असे, माझ्या खर्चाने.

धरणगाव आलं तरी पाच-सहा जणांना उतरता येईना. एकेकाने पाय उचलायचा, मी दोरा सोडवायचा. पाटीवाल्या बाईने जाता जाता नातवाला एक आंबा दिला आणि मला सल्ला दिला: "इकत भेटतस वं माय, सुटर."

जळगावात फुले मार्केटमध्ये चौथ्या दुकानात ती लोकर सापडली. शेड तीच. दुकानदाराने लॉट विचारला. ह्यांनी खिशातून पट्टी काढली. लॉट नंबरच्या नेमक्या जागी पेनाची शाई पुसट होऊन आरपार आली होती: "ता. 14 खाडा." तरी दोन आकडे वाचता आले, ते जुळत नव्हते. नवा गुंडा किंचित हिरवट होता.

"ट्यूबखाली तसं दिसतं मावशी, बाहेर उन्हात बघा."

बाहेर उन्हात गेलो. दुपारचा दीड. त्या उन्हात निळंही पांढरं दिसत होतं आणि हिरवंही पांढरं, हे स्वतः पांढरे पडत चालले होते. लेक म्हणाली, "आई, मला सारखंच वाटतंय, घे." नातू म्हणाला, "ही बाही पोपटाची आहे." घरात एकट्या त्यालाच डोळे आहेत. गुंडा घेतला, चाळीस रुपये.

मग जळगावात आलोच आहोत म्हणून शेवभाजी झाली. तर्री इतकी लाल की जाऊबाईंनी उपास आहे म्हणून फक्त रस्सा घेतला. (मी काही विचारलं नाही.) उसाचा रस झाला, कापूस झाला, लेकीला साडीचा फॉल-पिको झाला, नातवाला एक पाण्याची बंदूक झाली आणि तिची चाचणी माझ्या मानेवर झाली. परतताना ह्यांनी डायरीत हिशेब लिहिला: लोकरीचा एक गुंडा, एकूण खर्च 1,165 रुपये. खाली ओळ मारून लिहिलं, "स्वतःचं तिकीट: 0."

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई वातींच्या जुड्या घेऊन आल्या. 38,000 वाती झाल्या होत्या, पाचशेची एक, अशा 76 जुड्या. त्या मोजून द्यायला मला बसवलं. मी पहिली जुडी हातात घेतली. दुसरी घेतली. प्रत्येक जुडीच्या कमरेला दोन वेढे, वर छान फुलगाठ. निळी.

मी वर बघितलं. जाऊबाईंनी कापसाकडे बघितलं.

"पडेल व्हता तठे, कूलरमांगे. माले वाटनं, टाकी देयेल शे."

आतल्या खोलीतून डायरी मिटल्याचा आवाज आला. बाकी काही आवाज आला नाही, हा ह्यांचा मोठेपणा.

मग दोन दुपारी आम्ही दोघींनी तेच केलं. निळी गाठ सोडायची, जुडी उलगडू न देता तिला जळगावची हिरवट लोकर बांधायची, निळा तुकडा मला. मधे मोजायचं नाही, असा करार होता. त्यांच्या टोपलीच्या तळाशी उरलेला सुपारीएवढा निळा गुंडाही निघाला. अशा 76 तुकड्यांना 76 गाठी मारून मी डावी बाही पुरी केली. विणकामात मधे गाठ मारणारीला मी आजवर नावं ठेवत आले. आता ती बाही बाहेरून बघावी तर देखणी, आत हात घातला तर करवंदाची जाळी.

नवरात्रात पार्सल पाठवलं. चार दिवसांनी लेकीचा फोन आला.

"आई, इतका सुंदर झालाय स्वेटर! फक्त डाव्या हातात मुंग्या आहेत म्हणतो."

"सवय होईल."

"आणि वाढलाय गं तो. बाह्या तीन बोटं आखूड होतात. बॉर्डर उसवून खाली थोडं वाढवता येईल का? तो हिरवट गुंडा आहे ना तुझ्याकडे? त्याचीच पट्टी दे, डिझाइन वाटेल."

मी भिंतीपलीकडे गेले. जाऊबाई ओसरीवर होत्या, 95,000 झाल्या होत्या. कोनाड्यात 190 जुड्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीच्या कमरेला दोन हिरवट वेढे आणि फुलगाठ. टोपलीत लोकरीचा एक धागाही उरलेला नव्हता. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर केला. मोजत होत्या.

मी परत आले तेव्हा हे दारात चपला घालून उभे होते, हातात डायरी.

"साडेदहाची मिळेल," म्हणाले.