पानाची पिचकारी आणि आर्चरफिश

नमस्कार काका, एवढी लांब प्रतिक्रिया म्हणजे लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की मी आर्चरफिशचं, म्हणजे तोंडातून पाण्याची धार मारून पाण्याबाहेरचे किडे पाडणाऱ्या या माशाचं, उगाच कौतुक केलंय, पिचकारी मारणारे लक्ष्मी रोडवर पायलीला पन्नास मिळतात, मासा किड्याच्या बरोब्बर खाली येऊन पाणी उडवतो त्यामुळे वक्रीभवनाचा (पाणी आणि हवेच्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि वस्तू भलत्याच जागी दिसते, त्याचा) प्रश्नच नाही, आणि हे सगळं उपजत, त्यात हुशारी कसली.

आधी पिचकारी. पान थुंकणारा जोर लावतो आणि विषय संपतो, धार पुढे विस्कटते. या माशाच्या टाळूला खाच असते, जीभ वर दाबली की तिची नळी होते, कल्ल्यांची झाकणं खटकन मिटली की पाणी बाहेर. पण धारेचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त वेगात निघतो, तो पुढच्याला गाठतो आणि किड्यावर आदळायच्या ऐन वेळी टोकाला पाण्याचा जाडसर गोळा झालेला असतो. मिलानच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवलं, आणि २०१४ मध्ये जर्मनीत बायरॉइटला दिसलं की किडा जवळ की लांब यावरून मासा तोंड उघडण्या-मिटण्याचं टायमिंग बदलतो. लक्ष्मी रोडवर असं करणारा कोणी दिसला तर जरूर कळवा.

बरोब्बर खालून मारलं तर वक्रीभवन नाही, शंभर टक्के मान्य. पण तो तिरकाही मारतो ना! कोथरूडला मित्राच्या हॉलमधल्या अर्ध्या भरलेल्या टँकमध्ये बघितलंय, वर काचेवर झुरळाचं पिल्लू, माशाचं तोंड पाण्याच्या पातळीला टेकलेलं, डोळे मात्र पाण्याखालीच, जरा वेळ तिरका स्थिर राहिला आणि फट्. (पुढची फट् माझ्या चष्म्यावर, ते सोडा.) डोळे पाण्यात म्हणजे किडा आहे त्यापेक्षा वर दिसणार, तरी लागतो. माशाला गणित येतं असं मी कुठेही म्हटलेलं नाही, सराव असतो. २००६ च्या एका प्रयोगात नवखे मासे हलत्या लक्ष्यावर आधी सपशेल चुकले, आणि नुसतं दुसऱ्याचं बघत बसलेल्यांना मात्र स्वतः सराव न करताही जमलं. हे उपजत कसं म्हणायचं?

पण खरं सांगू का, तुम्ही सगळा वाद थुंकण्यावर घातलात आणि माझ्या मते तो या शिकारीतला सोपा भाग. हे मासे घोळक्याने राहतात, किडा पाडला म्हणजे तो आपला असं काही नाही, जो आधी पोचेल त्याचा. म्हणून किडा सुटला की साधारण १०० मिलिसेकंदांत मासा वळतो, आणि किड्याकडे नाही, तो जिथे पडणार त्या जागेकडे. किती उंचावरून, कुठल्या दिशेला, किती वेगात सुटला एवढं एका झलकेत बघतो आणि सुटतो. ज्याने पाणी मारलंच नाही तो शेजारचा मासाही हे तितकंच चोख करतो, म्हणजे मेहनत एकाची आणि किडा भलत्याच्याच तोंडात. उपजत की शिकलेलं हे भांडायचंच असेल तर या वळण्यावर भांडू, मजा येईल.

नातवासाठी घरी ठेवता येईल का विचारलंत. येईल, पण खाडीतला मासा, सहसा मचूळ पाणी लागतं, खडकवासल्याचं नळाचं पाणी भरून तसाच सोडू नका. टँक मोठा घ्या, वर झाकण हवंच कारण उडीही मारतो, आणि काठोकाठ भरू नका, थुंकायला जागा राहू दे.