‘पॅकेट ड्रॉप होतंय? बफर वाढवा’ : या फॉरवर्डला उत्तर

परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत, नागपुरातल्या नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पॅकेट ड्रॉप होतंय (डेटाचा तुकडा टाकून दिला जातोय) म्हणजे बफर (पॅकेटं तात्पुरती थांबवायची मेमरी) कमी पडतोय, रॅम स्वस्त आहे, त्यामुळे मोठ्या बफरचा तोटा काहीच नाही, नेटवर्क कार्डाची रिंग (आलेली पॅकेटं ठेवायच्या जागांची गोल रांग) सरळ 4096 जागांवर नेऊन ठेवा, आणि अर्धी रॅम ह्यूजपेजेसना (मेमरीच्या 4 केबीऐवजी 2 एमबीच्या मोठ्या पानांना) देऊन टाका. चारही सल्ले इतक्या ठामपणे दिलेत की नवीन पोरं ते जसेच्या तसे प्रॉडक्शनवर चढवतात.

‘ड्रॉप म्हणजे बफर कमी’

आधी हिशेब. 10 गिगाबिटच्या लिंकवर सगळी पॅकेटं 64 बाइटांची असतील, तर सेकंदाला 1 कोटी 48 लाख 80 हजार पॅकेटं येतात. एका पॅकेटच्या वाट्याला 67.2 नॅनोसेकंद. समजा येतायत 1 कोटी 20 लाख, आणि तुमचं अॅप्लिकेशन उरकतंय 1 कोटी 10 लाख. आता 10 लाख पॅकेटांचा बफर द्या, म्हणजे दोन जीबीच्या वर मेमरी. तो एका सेकंदात भरतो. दुसऱ्या सेकंदापासून ड्रॉप पूर्वीइतकाच, सेकंदाला 10 लाख. शिवाय जे पॅकेट वाचतं, तेही रांगेत सुमारे 90 मिलिसेकंद ताटकळून पुढे जातं. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागते, तेव्हा आवार दुप्पट केल्यानं काटा दुप्पट वेगानं वजन करत नाही. आत उभ्या गाड्या तेवढ्या वाढतात.

बफरचं काम झटका पचवणं. सरासरी आवक सरासरी उरकीपेक्षा कमी असेल आणि मध्येच एकदम लोंढा येत असेल, तर बफर वाढवून खरंच फायदा होतो. पण लोंढा आहे की कायमची तूट, हे आधी बघावं लागतं. डीपीडीके, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला ठेवून पॅकेटं थेट अॅप्लिकेशनला देणारी लायब्ररी, तिच्यात त्यासाठी वेगवेगळे काउंटर आहेत. ‘आयमिस्ड’ वाढत असेल तर रिंग भरलेली होती, म्हणजे प्रोसेसरचा कोर वेळेवर पॅकेटं उचलत नव्हता. ‘आरएक्स नोएमबफ’ वाढत असेल तर पूलमधले, म्हणजे आधीच राखलेल्या साठ्यातले, बफरच संपले. पहिल्या आजारावर पूल मोठा करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. आणि कोर का अडकला होता? बऱ्याचदा कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, त्यावर दुसरंच काम बसवलेलं असतं. कोर एक मिलिसेकंद जरी बाजूला गेला, तरी भरलेल्या 10 गिगाबिट लिंकच्या वेगानं जवळपास 14,900 पॅकेटं येऊन धडकतात. 4096 ची रिंगही तिथे पुरत नाही. कोर वेगळा राखून ठेवणं हाच इलाज.

‘मोठ्या बफरचा तोटा नाही’

हे अर्धं बरोबर आहे, म्हणूनच जास्त घातक. शेवटच्या मशीनवरचा टीसीपीचा (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवणाऱ्या पद्धतीचा) बफर मोठा लागतो, हे खरं. नागपूर–मुंबई मार्गाची फायबर समृद्धी महामार्गाइतकी, म्हणजे 701 किलोमीटर धरली, तर प्रकाशाला जाऊन-येऊनच सुमारे 7 मिलिसेकंद लागतात. मधली उपकरणं धरून 20 म्हणू. 10 गिगाबिट गुणिले 20 मिलिसेकंद, म्हणजे 25 एमबी डेटा कायम वाटेत. एकाच कनेक्शननं ही लिंक भरायची, तर तेवढी विंडो (पोचपावती येण्याआधी पाठवता येणारा डेटा) हवी. लिनक्सच्या जुन्या कर्नलांची 6 एमबीची डीफॉल्ट कमाल तिथे तोकडी पडते. इथे वाढवा, बिनधास्त.

वाटेतल्या राउटरच्या रांगेची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे तुंबलेलं प्रत्येक पॅकेट उशीर वाढवतं, आणि ड्रॉप न दिसल्यामुळे टीसीपीला वेग कमी करायचा इशाराही उशिरा मिळतो. 2004 मध्ये अॅपेनझेलर, केसलासी आणि मॅककिऑन यांनी दाखवलं की हजारो कनेक्शन एकत्र असतील तर जुन्या नियमाच्या (लिंकचा वेग गुणिले जाऊन-येऊनचा वेळ) एका छोट्या अंशावर भागतं: 50,000 कनेक्शनांच्या 10 गिगाबिट लिंकला फक्त 10 मेगाबिट. पुढे 2012 मध्ये निकोल्स आणि जेकबसन यांचं ‘कोडेल’ आलं. ते रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं, आणि 5 मिलिसेकंदांच्या वरची रेंगाळ टिकून राहिली की पॅकेट टाकायला लागतं.

‘रिंग 4096 वर ठेवा’

रिंग गोल फिरते. रांग रिकामी असली तरी कार्ड एकामागून एक सगळ्या 4096 बफरांत लिहीत जातं. पॅकेटं 1500 बाइटांची असतील तर एका क्यूला (कार्डाच्या स्वतःची रिंग असलेल्या एका रांगेला) 6 एमबी, आठ क्यूंना 49. इंटेलच्या सर्व्हरवर कार्ड थेट प्रोसेसरच्या कॅशेत (जवळच्या वेगवान मेमरीत) लिहितं खरं, पण त्यासाठी डीफॉल्टनं कॅशेचा लहानसा हिस्साच राखलेला असतो. तो ओलांडला की प्रत्येक पॅकेट रॅमची वारी करतं, आणि 67 नॅनोसेकंदांच्या हिशेबात एक वारीसुद्धा महाग. 512 किंवा 1024 पासून सुरू करा, काउंटर बघत वाढवा.

‘अर्धी रॅम ह्यूजपेजेसना’

किती लागते ते मोजता येतं. दोन पोर्ट, प्रत्येकी चार क्यू, रिंग 1024 ची: आवकेला 8192 बफर, जावकेला 8192. चार कोर पूलमधून आपापल्याजवळ राखतात ते दीड हजारापर्यंत, हातातल्या 32-32 च्या जुड्या 128. बेरीज 18 हजारांच्या आसपास. मेमपूलला, म्हणजे बफरांच्या त्याच पूलला, दोनाच्या घातापेक्षा एकनं कमी आकडा सोयीचा, म्हणून 32,767. एकेक बफर मथळ्यांसकट 2,400 बाइटांच्या आत, म्हणजे सगळं मिळून 80 एमबी. दोन एमबीची चाळीस पानं! अॅप्लिकेशन पॅकेटं स्वतःच्या रांगेत साठवून ठेवत असेल तर तो आकडा वर मिळवा. ह्यूजपेजेस हव्यातच, नाहीतर याच मेमरीला 4 केबीची वीसेक हजार पानं लागतील आणि टीएलबी (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी प्रोसेसरमधली छोटी यादी) पुरणार नाही. पण राखून ठेवलेली पानं बाकीच्या प्रोसेसना मिळत नाहीत. आणि दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरांच्या, मशीनवर पूल कार्डाच्याच सॉकेटवर घ्या. पलीकडच्या सॉकेटवर 64 जीबी राखून ठेवली तरी हे कार्ड तिथे लांबून वळसा घालूनच पोचणार.