वायरवाला व्हॅक्यूम भंगारात काढण्याआधी

दसरा-दिवाळीची साफसफाई जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातले दावे असे: वायरवाले व्हॅक्यूम क्लीनर आता जुने झाले. कॉर्डलेसची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बिनवायरच्या यंत्राची, ओढ (धूळ खेचण्याची ताकद) तेवढीच असते, वीज मात्र कितीतरी कमी लागते. हेपा फिल्टरमुळे, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या जाळीमुळे, घरातली हवाही शुद्ध होते. रोज पाच मिनिटं फिरवला की झाडू-फडक्याची गरज नाही. आणि सगळ्यात वर, घरातली 80 टक्के धूळ म्हणजे आपलीच मेलेली त्वचा! खाली खरेदीची लिंक. यात थोडं खरंही आहे, आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपतं, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी त्वचा. महिनाभर गावाला जा, परत आल्यावर बंद घरातल्या टेबलावरून बोट फिरवा. तिथे कोणाची त्वचा गळत होती? आपली त्वचा रोज झडते हे खरं, पण तिच्यातला बराच भाग अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. घरातल्या धुळीत रस्त्यावरची माती, वाहनांची काजळी, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट, कपड्यांचे तंतू, केस, परागकण असं सगळं असतं, आणि प्रमाण घरागणिक बदलतं. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवणाऱ्या, हमरस्त्याला लागून असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरात बाहेरून येणाराच माल जास्त. आणि तो रोज येतो, त्यामुळे कुठल्याही यंत्राने धूळ ‘संपत’ नाही.

आता ओढ. जाहिरातीत ‘25,000 पास्कल’ असा दणदणीत आकडा असतो; पास्कल हे दाबाचं, म्हणजे खेचण्याच्या ताणाचं माप. हा आकडा यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे तेव्हा हवा वाहतच नसते. शहाळ्याच्या स्ट्रॉचं खालचं टोक बोटाने बंद करून ओढून पाहा: ताण भरपूर, पाणी शून्य. धूळ उचलून नेते ती वाहती हवा. ताण आणि प्रवाह दोन्ही धरणारं माप म्हणजे एअरवॉट, आणि ते खोक्यावर क्वचितच सापडतं.

मेसेजला उत्तर म्हणून ग्रुपवरच कोणीतरी लिहितं, ‘वॉट जास्त तेवढी ओढ जास्त, 2000 वॉटचाच घ्या.’ हेही चूकच. वॉट म्हणजे यंत्र किती वीज घेतं; त्यातून किती काम निघतं ते मोटर, नळी आणि ब्रशच्या रचनेवर ठरतं. युरोपीय संघाने सप्टेंबर 2014 मध्ये व्हॅक्यूमवर 1600 वॉटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर 2017 मध्ये ती 900 वर आणली. तरी तिथले गालिचे साफ होतातच. त्याच संघाचं व्हॅक्यूमसाठीचं ऊर्जा-लेबल 2018 मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द केलं, कारण चाचण्या धुळीचं भांडं रिकामं ठेवून केल्या जात होत्या. घरात भांडं भरत जातं, फिल्टर तुंबतो आणि ओढ उतरते.

तरीही कॉर्डलेसची ओढ ‘तेवढीच’ का नसते, हे बॅटरीच्या गणितातून दिसतं. साधारण 22 व्होल्ट आणि 2500 मिलिअँपिअर-तासांची (म्हणजे 2.5 अँपिअर-तासांची) बॅटरी घ्या. गुणाकार केला तर 55 वॉट-तास. खोक्यावर ‘60 मिनिटं’ लिहिलं असेल तर त्या तासात यंत्र सरासरी 55 वॉटवरच चालणार. जुन्या छताच्या पंख्याइतकंसुद्धा नाही. गादीसाठी ‘टर्बो’ दाबून 350 वॉटवर नेलं की साडेनऊ मिनिटांत खेळ आटोपला. मोठी बॅटरी लावली तर वेळ वाढतो, पण हातातलं वजन आणि किंमतही वाढते. थोडक्यात, ‘एक तास’ आणि ‘जबरदस्त ओढ’ ही दोन्ही आश्वासनं सुटी सुटी खरी असतात, फक्त एकाच वेळी नाही. जाहिरात त्यांना शेजारी शेजारी छापते, एवढंच.

विजेचा मुद्दा लगेच उरकतो. 1400 वॉटचं यंत्र आठवड्याला 20 मिनिटं चालवलं तर महिन्याला जेमतेम दोन युनिटं होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वीसेक रुपये. या बचतीसाठी काही हजारांचं नवं यंत्र घ्यायचं असेल तर घ्या बापडे.

हेपाबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण दम्याचा पेशंट घरात असलेली माणसं याच शब्दाला भुलतात. अमेरिकी मापानुसार हेपा फिल्टरने 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवले पाहिजेत. हा आकडा फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचा आहे, खोलीतल्या हवेचा नाही. यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर फिल्टर कितीही चांगला असो, बारीक धूळ मागून बाहेर येतेच. शिवाय बहुतेक कॉर्डलेस बिनपिशवीचे असतात, आणि खरी गंमत भांडं रिकामं करताना होते: झाकण उघडलं की गोळा केलेल्यातली बारीक धूळ थेट नाकासमोर. पिशवीवाल्या यंत्रात धूळ पिशवीसकट कचऱ्यात जाते. ज्याला ॲलर्जी आहे त्याने भांडं झटकू नये. दुसऱ्याने, घराबाहेर, मास्क लावून झटकावं. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्याला दोन-दोन दिवस लागतात, आणि ओला बसवला तर कुबट वास ठरलेला.

ॲलर्जीच्या घरात खरा प्रश्न गादी-उशीतल्या धूळ-किड्यांचा, म्हणजे डस्ट माइटचा असतो. ते त्वचेच्या कोंड्यावर जगतात (मेसेजमधलं त्वचेचं प्रकरण बहुधा इथूनच फुगवलं गेलं असावं) आणि पाणी हवेतल्या दमटपणातून घेतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. व्हॅक्यूमने ती वरवरची निघते, जिवंत किडे मात्र धाग्यांना धरून बसतात. चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुणं आणि गाद्या कडक उन्हात घालणं, याला पर्याय म्हणून मेसेजवाल्यांकडे काहीच नाही. आणि गादीवर यंत्र फिरवायचंच तर सावकाश, एकेक पट्टा घेत फिरवावं लागतं. दोन डबल बेड, सोफा आणि पडदे म्हणजे अर्धा तास सलग पूर्ण ओढ हवी. तिथे वायरवाला जिंकतो.

‘झाडू-फडक्याची गरज नाही’ हा दावा तर गालिच्यांच्या देशातून आलेला. आपल्याकडे लादी. गुळगुळीत फरशीवरची बारीक धूळ ओल्या, पिळलेल्या फडक्याइतकी स्वस्तात कोणी उचलत नाही. फक्त पाणी बदलत राहायला हवं. कोरडा फूलझाडू पंख्याखाली मारला तर निम्मी धूळ उडून पुन्हा टीव्हीवर, हे मान्य. म्हणून आधी पंखे आणि जळमटं, मग व्हॅक्यूम किंवा हलक्या हाताने केर, शेवटी फडकं. घरात टाइल्स फोडल्या असतील तर ते सिमेंट घरगुती व्हॅक्यूमने ओढू नका: फिल्टर तुंबतो आणि मोटर तापते.

मेसेजमधलं खरं ते हे: माळ्यावर खोक्यात पडलेला वायरवाला काहीच साफ करत नाही. 1982 पासून व्हॅक्यूम विकणाऱ्या युरेका फोर्ब्स कंपनीची माणसं घरोघर प्रात्यक्षिक करत फिरली, आणि कित्येक घरांत घेतलेलं यंत्र वर्षातून दोनदाच खाली उतरलं. पाठ दुखणाऱ्याला, कुत्रा-मांजर पाळणाऱ्याला, गाडी किंवा जिना साफ करणाऱ्याला कॉर्डलेस खरंच सोयीचा. रोजचे पोह्यांचे दाणे आणि केस त्याने झटकन उचलले जातात.

फक्त तो घेताना बॅटरी सुटी निघते का, तीन वर्षांनी ती मिळेल का आणि केवढ्याला, एवढं दुकानात विचारा. काहीशे चार्जिंगनंतर तिची क्षमता उतरते, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत आणखी लवकर. वायरवाल्याची मोटर युरोपात किमान 500 तास टिकावी असा नियम होता; आठवड्याला अर्धा तास वापर धरला तर हे 19 वर्षांचं काम झालं. त्यातले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले तर मिक्सर दुरुस्त करणाराही बहुतेक वेळा बदलून देतो.