जुन्या रेडिओला फोनचा जॅक लावताय? आधी चासीत करंट आहे का ते बघा ना!

गेले चार रविवार मी एका अनोळखी माणसाने घातलेला घोळ निस्तरत बसलोय आणि आता खरंच संताप अनावर झालाय. जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ घेतला, 1950 च्या दशकातल्या धाटणीचा, लाकडी कॅबिनेट, डायलची काच शाबूत, पुढून बघाल तर प्रेमात पडाल असा पीस. देणारा म्हणाला पूर्ण रिस्टोअर केलाय, फोन पण जोडता येतो, मॉडिफाय केलेला आहे. घरी आणला, मागचं झाकण उघडलं आणि डोकंच फिरलं.

पहिली गोष्ट तो जॅक. मागच्या हार्डबोर्डच्या झाकणाला ड्रिलने भोक पाडून त्यात धातूचा 3.5 एमएमचा ऑक्स जॅक बसवलाय, त्याचा ग्राउंड सरळ चासीला, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या आतल्या धातूच्या सांगाड्याला, डाग देऊन जोडलेला. आणि रेडिओ कुठला? एसी-डीसी सेट, दोन्ही प्रकारच्या मेन्सवर चालणारा! आतले व्हॉल्व्ह यूसीएच81, यूबीएफ89, यूबीसी81, यूएल84, यूवाय85. अरे, व्हॉल्व्हच्या नावातला पहिला यूच सांगतो ना की फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा, 100 मिलिअँपिअरची आहेत, एकामागोमाग एक सिरीजमध्ये आहेत. प्रत्येकाला लागणारे व्होल्ट 19, 19, 14, 45, 38, बेरीज 135 व्होल्ट, 230 मधले उरलेले 95 एका जाड्या ड्रॉपर रेझिस्टन्सवर जळतात. म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर नाहीच! मेन्सची एक वायर थेट चासीला जोडलेली आहे. प्लग एका बाजूने घातला तर चासीवर न्यूट्रल, उलटा घातला तर पूर्ण 230 व्होल्ट फेज. आणि ही फेज त्या चकचकीत जॅकवरून, वायरीतून, हातातल्या फोनपर्यंत येणार. घरातल्या लहान पोराने फोन हातात धरून त्या रेडिओला जोडला असता तर काय झालं असतं याचा विचार आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि कंपन्यांनी हे ओळखूनच सेट बनवले होते हो. नॉबचा छोटा स्क्रू शाफ्टला टेकतो, शाफ्ट चासीला टेकतो, म्हणून त्या स्क्रूच्या भोकात मेण भरायचे, का तर बोट सुद्धा चुकून लागू नये. झाकण हार्डबोर्डचं, चासीचे स्क्रू खालून झाकलेले, सगळीकडे हा एकच विचार. या पठ्ठ्याने मेण काढलं ते परत भरलं नाही, दोन नॉबचे स्क्रू उघडे, आणि वर मागे जॅक लावून ठेवला. एवढी काळजी घेऊन बनवलेली वस्तू आणि हा माणूस दहा मिनिटांत त्याची वाट लावतो.

फोनची गाणी या रेडिओवर ऐकायला माझा विरोध नाहीये, अजिबात नाही, मला पण ऐकायचीत. ब्लूटूथचा छोटा बोर्ड आत ठेव ना, बाहेर धातू काहीच नको, फोन आणि रेडिओच्या मध्ये हवा राहील. नाहीतर मेन्ससाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापर, तो सेटला मेन्सपासून वेगळा ठेवतो. करता येतं सगळं! पण त्यासाठी सर्किट आधी वाचावं लागतं आणि तेच कुणाला नको असतं.

पुढे ऐका. यूवाय85, म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, काढून टाकलाय आणि त्याच्या सॉकेटवर 1एन4007 डायोड मारलाय. व्हॉल्व्ह रेक्टिफायर हळूहळू गरम होतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्ह पण तापतात, एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा मोठा डीसी व्होल्टेज, सावकाश चढते. डायोडला तापायचं काही नसतं, स्विच दाबला की 230 चा पीक म्हणजे 325 व्होल्ट त्याच क्षणी जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर, लोड शून्य. पाठोपाठ एक रेझिस्टन्स तरी टाकायचा? तो पण नाही. आणि यूवाय85 काढल्यावर फिलामेंटची साखळी तुटते म्हणून 38 व्होल्टच्या जागी रेझिस्टन्स हवा, 380 ओहम, त्यावर 3.8 वॅट उष्णता निघणार, हे साधं गुणाकाराचं गणित. लावलाय किती वॅटचा? एक! तो जळून काळा झालाय आणि खालच्या टॅगबोर्डला बोटाएवढा डाग पडलाय, नाक जवळ नेलं तर अजून जळका वास येतो.

बरं, एवढी उठाठेव केली त्याने, तर जो एक कंडेन्सर सगळ्यात आधी बदलायचा असतो तो बदलला असेल ना? नाही!! यूबीसी81 च्या अॅनोडपासून आउटपुट व्हॉल्व्ह यूएल84 च्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला जाणारा, मेणाचा, कागदी, मूळचाच. मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि करंट मर्यादेत ठेवायला सिरीज बल्ब लावून थोडा वेळ चालू केला आणि ग्रिडवर मीटर धरला, तिथे शून्य पाहिजे, दिसले प्लस 11 व्होल्ट. म्हणजे कंडेन्सर गळतोय, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतोय, अजून काही तास वाजवला असता तर अॅनोड लाल होऊन व्हॉल्व्ह गेला असता आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण. कंडेन्सर केवढासा, बदलायला पाच मिनिटं. पण तो बाहेरून दिसत नाही ना, म्हणून राहिला. डायलमागे निळ्या एलईडीची पट्टी मात्र लावली, कारण ती दिसते. त्या पट्टीसाठी आत एक स्वस्तातला मोबाईल चार्जर कोंबलाय आणि त्याच्या स्विचिंगचा आवाज मीडियम वेव्हभर खर्र्र करत पसरतो, स्टेशन ऐकूच येत नाही. रेडिओमध्येच रेडिओचा जॅमर लावून ठेवलाय.

आणि आता जे सगळ्यात जास्त लागलंय ते. आयएफ ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे सिग्नल गाळणाऱ्या कॉइलच्या डब्यांचे, कोअर. दोन डबे, प्रत्येकात दोन, चारही कोअर तळापर्यंत पिळलेले. कुणीतरी "स्क्रू सैल दिसतात" म्हणून आवळलेत. ते स्क्रू नाहीयेत! ते फेराइट आहे, कॉइलच्या आतला चुंबकीय गाभा, फॅक्टरीत एकेक सेट मोजून नेमक्या जागी ठेवलेलं. स्टेशन 1000 किलोहर्ट्झवर असेल तर रेडिओतला स्वतःची लहर तयार करणारा ऑसिलेटर 1455 वर चालतो आणि मधला 455 चा फरक या दोन डब्यांतून गाळून पुढे जातो, 1918 साली एडविन आर्मस्ट्राँगने शोधलेल्या या सुपरहेट पद्धतीचा सगळा जीव तिथे आहे. कोअर फिरवले की ट्यूनिंग गेलं, आवाज गेला, राहिली फक्त घरघर. पुन्हा जुळवता येतं, सिग्नल जनरेटर लावून, प्लॅस्टिकच्या चावीने, शांतपणे. पण याने लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला, खाचेपेक्षा जाड, आणि एक कोअर उभा चिरलाय. भिंग लावून बघितलं, चीर वरपासून आत गेलीये आणि कडेचा एक कपचा उडून कॉइलच्या नळीत अडकलाय. तो डबा नवीन मिळत नाही, दुसरा सेट फोडला तरच मिळतो.

काढलेला यूवाय85 तरी आत एका पिशवीत ठेवला असता, कुठली वायर कुठून काढली ते चिठ्ठीवर लिहून चिकटवलं असतं, तरी मी एवढा चिडलो नसतो. काहीही नाही. तीन वायरी कापून टेप गुंडाळून सोडून दिल्यात आणि त्यांचं दुसरं टोक मी बँडस्विचमध्ये अजून शोधतोय.

जॅक काढला, भोक आतून हार्डबोर्डचा तुकडा लावून बुजवलं, नॉबच्या स्क्रूवर परत मेण भरलं, चार्जर आणि पट्टी बाहेर फेकली, तो कागदी कंडेन्सर आणि इलेक्ट्रोलिटिक बदलले, यूवाय85 मिळाला तो सॉकेटमध्ये परत बसवला. हेअर ड्रायरने हलकं गरम करून तीन कोअर सुटले. चिरलेला चौथा तसाच आहे, चावी त्यात टेकवतो आणि परत काढून घेतो, कारण अजून एकदा फिरवला आणि त्याचे दोन तुकडे झाले तर हा रेडिओ मूळच्या डब्यांवर परत कधीच वाजणार नाही.