सात मिनिटांचा हाफ डे

आमच्या टीममधल्या टिटवाळ्याच्या पोरीचा आज अर्धा दिवस कापला. ऑफिस ९:३० चं, हिचं पंच ९:३७ ला, महिन्यातला तिसरा लेट मार्क, विषय संपला. कल्याणच्या आधी गाडी उभी राहिली, मग दादरला उतरून स्लो, मग करी रोडचा तो जिना, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

आणि हीच पोरगी काल रात्री पावणेदहापर्यंत हिशोबांचं क्लोजिंग करत बसली होती. मला माहितीये कारण शेजारी मीच होते, दोघींनी मिळून तीन वडापाव खाल्ले. मशीनमध्ये ते पण आहे, ९:४८ आउट. पण त्या कॉलमकडे बघतंय कोण!

दरवर्षी लोणावळ्याला नेतात आणि दोन दिवस पीपीटी दाखवून 'ओनरशिप घ्या' म्हणून शिकवतात. म्हणजे रात्री आम्ही मालक, आणि सकाळी ९:३१ ला चोर?

माझे बाबा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. आमचं काचेचं ऑफिस आहे ना, तिथून चालत दहा मिनिटांवर त्यांची गिरणी होती, आता तिथे टॉवर आहे. भोंगा झाला की गेट बंद, उशीर झाला तर खाडा, त्या दिवसाचा पगार गेला. वाईटच होतं, पण निदान माणूस नसला तर साचा बंद पडायचा, काहीतरी कारण होतं. आमचं एक्सेल सात मिनिटं थांबलं तर कुठलं कापड विणायचं राहतं सांगा. ८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, भोंगा तेवढा ठेवला यांनी. बोट लावलं की वरून 'थँक यू' म्हणतो.

हो, गैरफायदा घेणारे असतात, मान्य. आमच्याकडे पण दोघं आहेत, तास तास चहाला जातात. दोघंही रोज ९:२५ ला पंच करतात बरं का.

आणि २०२० मध्ये लोकल बंद होत्या तेव्हा हिनेच टिटवाळ्याच्या किचनमध्ये बसून मार्चचं क्लोजिंग केलं होतं, तेव्हा कोणी विचारलं नाही कितीला बसलीस. २०२३ मध्ये तर मध्य रेल्वेनेच ऑफिसांना पत्रं लिहिली की बाबांनो वेळा पुढेमागे करा, गर्दी झेपत नाही, स्वतःच्या माणसांना दोन वेगवेगळ्या वेळा लावून पण दाखवल्या. रेल्वेला कळलं, आमच्या बाविसाव्या मजल्याला नाही!

रविवारची सुट्टी तरी कोणी प्रेमाने दिली होती का, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं तेव्हा १० जून १८९० ला मिळाली. आणि आता रविवारी दुपारी ग्रुपवर, 'टीम, क्विक अपडेट प्लीज'. त्याचा मार्क कुणाला लावायचा?

दुपारी जाम तणतणत एचआरकडे गेले होते, खरं सांगते, भांडायलाच. तो पोरगा पंचवीस-सव्वीसचा. म्हणाला, मॅडम सिस्टिम आपोआप कापते, मी विरारहून येतो, माझे पण दोन झालेत या महिन्यात. काय बोलणार. त्यालाच चहा पाजला शेवटी.

आज ६:३० ला हिने लॅपटॉप बंद केला. साहेब म्हणाले, अगं ती जीएसटीची शीट? म्हणाली, सर उद्या साडेनऊला. सगळे गप्प. मला वाटलं साहेब चिडतील, पण ते नुसते घड्याळाकडे बघत राहिले, मग मी पण पर्स उचलली.

ठाण्याला तिला बसायला मिळालं, लगेच झोपली, मान माझ्या बॅगवर. ते ९:३७ काही डोक्यातून जात नाहीये माझ्या. डोंबिवली आली, हिला उठवायचं जिवावर आलंय, पण बॅग माझी आहे.