पॅट्रिक बेली, बाबा आणि बाइजचा रकाना

आज एका मित्राकडे फराळाला गेलो होतो. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "एवढा का गप्प? चकली मऊ पडली होती का?"

चकली उत्तम होती. डोकं फिरलं ते दुसऱ्याच कारणानं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या बे एरियात दिवाळी कॅलेंडरवर संपली तरी फराळ संपत नाही. कुणाचं घर मोठं, कुणाच्या मुलांचा क्लास नाही, असं सगळं जुळलं की आपली दिवाळी. तर सगळे जमलेले, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पुन्हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी जिंकल्याचं सुतक पाळून झालेलं, आणि गोल्ड ग्लव्हचा, म्हणजे उत्तम फील्डिंगच्या बक्षिसाचा, विषय निघाला. नॅशनल लीगमधलं कॅचरचं (कॅचर म्हणजे आपला कीपर) गोल्ड ग्लव्ह यंदाही आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या पॅट्रिक बेलीला. २०२४ ला मिळालं, २०२५ ला परत. मी खुशीत. तेवढ्यात आमच्यातला एक जण, डेटाचं काम करतो, चिवड्यातले काजू वेचता वेचता म्हणाला, "छे! .२२२ च्या सरासरीनं मारणाऱ्याला कसलं अवॉर्ड? डॉजर्सच्या स्मिथला द्यायला हवं होतं. सातव्या मॅचला कुणी जिंकवलं?"

चार माना हलल्या. चार! सगळे क्रिकेट बघत वाढलेले.

तिथे बोललो नाही, यजमानांच्या घरी तमाशा नको म्हणून. इथे बोलतो. माझी भिंत आहे.

पहिली गोष्ट. डॉजर्सचा कॅचर विल स्मिथनं वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगमध्ये होमरन (आपल्याकडचा सिक्सर म्हणा) मारली, मान्य. आख्ख्या सिरीजमध्ये ७३ इनिंग एकट्यानं कॅचिंग केलं, त्यातली १८ एकाच रात्रीत. त्या माणसाच्या गुडघ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण बाबांनो, गोल्ड ग्लव्हचं मतदान वर्ल्ड सिरीजच्या आधीच झालेलं असतं. आणि पुरस्काराच्या नावात 'ग्लव्ह' आहे. बॅटसाठी सिल्व्हर स्लगर नावाचं वेगळं बक्षीस आहे. भजनाच्या स्पर्धेत एखाद्याला पहिला नंबर तो पेटी छान वाजवतो म्हणून देता का?

आता बाबांची गोष्ट. काहींनी माझ्याकडून ती ऐकली असेल, परत ऐका.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा डोंबिवलीहून आले होते. बाबांना जायंट्सच्या मैदानावर, ओरॅकल पार्कवर, घेऊन गेलो. जुलै महिना आणि बाबांच्या डोक्याला कानटोपी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या लोकांना यात विनोद दिसणार नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, तिथे जुलैत रात्री दात वाजतात. तिकिटं स्वस्तातली, होम प्लेटच्या मागे पण पार वर. बाबांच्या गळ्यात दुर्बीण, पक्षी बघायची.

बेसबॉलचं त्यांना काडीचं ज्ञान नव्हतं. मी स्ट्राइक म्हणजे काय, बॉल म्हणजे काय, चार बॉल झाले की फुकट बेस वगैरे सांगत होतो. ते "हं, हं" करत होते. पण दुर्बीण एकाच जागी. पिचरकडे नाही, बॅटरकडे नाही. कॅचरकडे. जायंट्स बॅटिंगला आले की दुर्बीण खाली, गार्लिक फ्राइज सुरू, आणि मग चक्क डुलकी. जायंट्स फील्डिंगला आले की आपोआप जाग.

तिसऱ्या की चौथ्या इनिंगला माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "तो चेंडू बाहेर होता रे. यानं आत आणला."

मी गार. मला हे शिकायला सहा वर्षं लागली होती. या माणसाला तास-दीड तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यालाच फ्रेमिंग म्हणतात. प्लेट १७ इंच रुंद, खाली साधारण गुडघा, वर साधारण छाती, एवढ्या चौकटीतून चेंडू गेला तर स्ट्राइक. ताशी दीडशे किलोमीटरनं येणारा, शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू. तो चौकटीच्या कडेला पडला की अंपायर काय ठरवणार, ते बऱ्याचदा कॅचरच्या हाताकडे बघून ठरतं. हात चेंडूमागे ओढला गेला तर बॉल. हात आधीच खाली जाऊन तिथून वर येत चेंडू घेतला आणि शांत राहिला तर स्ट्राइक. बेली हेच करतो. खालचा चेंडू असा उचलतो की जणू तो पहिल्यापासून तिथेच येणार होता. एका मॅचमध्ये दोन्हीकडचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू पडतात. त्यातले दोन-चार जरी फिरवले तरी मॅच फिरते. आणि टीव्हीवर रिप्ले कुणाचा? होमरनचा.

बाबा मुंबईच्या कांगा लीगमध्ये, क्रिकेटच्या, कीपर होते. बँकेच्या टीमकडून, खालच्या डिव्हिजनमध्ये. ज्यांनी ती लीग पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: भर पावसाळ्यात, न झाकलेल्या विकेटवर, एक चेंडू घोट्याला आणि पुढचा नाकाला. तिथे स्टंपमागे उभं राहायचं. पेपरात त्यांचं नाव बहुतेक कधीच आलं नाही. पण त्यांची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात तारीख, मैदान, आणि समोर एकच आकडा. किती कॅच, किती स्टंपिंग, काही नाही. फक्त बाइज, म्हणजे बॅटला न लागता कीपरच्या मागे गेलेल्या चेंडूवरच्या धावा. ०. ०. २. ०. १. ०. दोनच्या पुढे कंसात लिहिलंय, 'माझी चूक'. लहानपणी मला ती वही म्हणजे बाबांची काहीतरी सनक वाटायची. स्कोअरबुकात बाइजचा रकाना रिकामा राहणं, हेच त्यांचं गोल्ड ग्लव्ह.

त्यांचे देव भारताचे जुने कीपर नरेन ताम्हाणे. २१ कसोट्यांत ५१ बळी, सुभाष गुप्त्यांच्या लेगस्पिनला यष्टींमागे तेच. फलंदाजीची सरासरी दहाच्या आसपास! आज आमच्या ग्रुपनं त्यांना क्लबच्या टीममध्येही घेतलं नसतं. आपल्याकडे पुढे २००३ च्या वर्ल्ड कपला राहुल द्रविडच्या हातात ग्लव्हज दिले, कारण एक बॅट्समन जास्त हवा होता. द्रविडबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, त्यानं निभावलंही. पण बाबा आख्खा वर्ल्ड कप घशात काहीतरी अडकल्यासारखे बसले होते.

असो. बेसबॉलवाले काही फार शहाणे आहेत असं नाही. १९५७ पासून रॉलिंग्ज कंपनी हे गोल्ड ग्लव्ह देते. मतं मॅनेजर आणि कोच देतात, स्वतःच्या टीममधल्याला देता येत नाही. आणि या जाणकारांनी काय दिवे लावले? १९९९ मध्ये फर्स्ट बेसचं गोल्ड ग्लव्ह राफाएल पाल्मेरोला. त्या वर्षी तो फर्स्ट बेसवर उभा किती राहिला? २८ मॅच! बाकी वर्षभर साहेब नुसती बॅटिंग करत होते. फील्डिंग न करता फील्डिंगचं बक्षीस! नाव मोठं, बॅट मोठी, मारा शिक्का. ही तीच मान हलवणारी माणसं, फक्त गणवेशात.

आणि मोलिना बंधू. हे लिहितानाच माझा रक्तदाब वाढतोय. पोर्तो रिकोचे तीन भाऊ, तिघेही कॅचर, तिघांकडेही वर्ल्ड सिरीज जिंकल्याची अंगठी. थोरला बेंजी, दोन गोल्ड ग्लव्ह. धाकटा यादियेर, नऊ. मधला होजे, शून्य. आणि पुढे जेव्हा प्रत्येक चेंडू कॅमेऱ्यानं मोजायला सुरुवात झाली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की फ्रेमिंगचा खरा उस्ताद हा मधलाच. हातात मांजर झोपलंय आणि उठता कामा नये, असा चेंडू घ्यायचा. तोवर तो म्हातारा झाला होता, पाय चालत नव्हते, बॅट तर कधी चाललीच नव्हती. तीन भावांत ११ गोल्ड ग्लव्ह आणि जे काम कुणाला दिसत नव्हतं ते करणाऱ्याच्या हातावर तुरी.

२०१३ पासून आकडेवारीला २५ टक्के वजन दिलं, तेव्हापासून जरा बरं आहे. हेही कबूल करतो की यंदा मतदार बॅटला भुलले नाहीत. सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलेनं ६० होमरन मारल्या, कॅचरनं एवढ्या कधीच मारल्या नव्हत्या, तरी दुसऱ्या लीगचं, अमेरिकन लीगचं, गोल्ड ग्लव्ह डेट्रॉइटच्या डिलन डिंगलरला गेलं. टोरोंटोच्या कर्कला दिलं असतं तरी मी भांडलो नसतो. म्हणजे मॅनेजर लोक सुधारले. आमचा फराळ ग्रुप राहिला.

थांबा, फारच बोललो का? तो मित्र भला माणूस आहे. बाबा इथे आजारी पडले तेव्हा रात्री दोन वाजता गाडी घेऊन आला होता. पण .२२२ म्हणताना त्याचा जो आवाज होता ना, शाळेत कमी मार्कवाल्याच्या नावापुढे बाई काढायच्या तसा... तो काही डोक्यातून जात नाही.

आणि हो, बॅट अगदीच लाकूड नाही. जुलैत फिलाडेल्फियाविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये चेंडू उजवीकडच्या भिंतीवर आपटून भलतीकडेच गेला आणि हा गडी मैदानातच चारही बेस पळून आला, मॅच खिशात. कॅचरनं अशी मॅच संपवल्याचं याआधीचं उदाहरण १९२६ चं. पण हे मी फक्त तोंडी लावायला सांगतोय. बेलीनं वर्षभर एकही चेंडू मारला नसता तरी ग्लव्ह त्याचंच होतं.

दुसरा मुद्दा तिथे बायकांच्या घोळक्यातून आला, आणि तो जास्त लागला, कारण खरा आहे. "पण ही अंपायरला फसवणूकच झाली ना?"

झाली. थोडी झाली. बाबांनाही मी हेच विचारलं होतं त्या रात्री. सीगल पक्षी उरलेल्या फ्राइजवर घिरट्या घालत होते, लोक उठायला लागले होते. बाबा म्हणाले, "फसवणूक म्हणजे हात हलवणं. हा हात हलवतच नाही. अंपायरला नीट बघू देतो." आता हे तांत्रिकदृष्ट्या खरं नाही, बेलीचा हात हलतो, चांगला हलतो. पण मी वाद घातला नाही. कानटोपीतल्या माणसाशी कसला वाद.

२०२६ पासून बॉल की स्ट्राइक ते तपासायला मशीन. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच मागायचं, टोपीला हात लावून, डगआउटकडे, म्हणजे टीम बसते तिकडे, न बघता. बरोबर निघालं तर चॅलेंज शाबूत. आज लगेच एक जण म्हणाला, "संपलं मग तुझ्या बेलीचं दुकान." अरे, कसं संपलं? तीनशे चेंडूंत दोन चॅलेंज! बाकीचे अंपायरच ठरवणार. आणि टोपीला हात कधी लावायचा हे ठरवायला सगळ्यात चांगली जागा कुणाची? जो प्लेटच्या मागे उकिडवा बसून प्रत्येक चेंडू छातीवर झेलतो त्याची. शिवाय जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू अंगानं अडवायला मशीन येणार आहे का? पळणाऱ्याला सेकंड बेसवर टिपायला, चेंडू ग्लव्हमध्ये आल्यापासून तिकडे पोचेपर्यंत दोन सेकंद मिळतात, तिथे मशीन काय करणार? बेस मोठे केले, पिचरच्या थ्रोवर बंधनं घातली, २०२३ मध्ये बेसच्या चोऱ्या (पिचर चेंडू टाकतो तेवढ्यात पळून पुढचा बेस गाठणं) एकदम ३५०३ वर गेल्या, ते सगळं निस्तरलं कुणी?

या कामात शरीराचं काय होतं ते कुणी बघत नाही. आपल्याच जायंट्सच्या कॅचरचा, बस्टर पोझीचा, २०११ मध्ये प्लेटवर धडक बसून पाय मोडला, पुढे धडकेचा नियम बदलला. आणि त्याच्यासारख्यालाही आख्ख्या कारकिर्दीत गोल्ड ग्लव्ह एकच, २०१६ चं.

बाबांच्या उजव्या हाताची अनामिका मधल्या पेरात वाकडी आहे. कुठल्याशा ओल्या विकेटवर चेंडू उसळून बसला, पट्टी बांधून उरलेली इनिंग काढली, नंतर ऑफिस, नंतर माझा जन्म, बोट राहून गेलं. आता संधिवातानं बाकीचीही तिच्यामागे वाकायला लागली आहेत. त्या रात्री दुर्बीण धरताना ते बोट असं बाहेर राहत होतं, वाफाळता कप धरताना राहतं तसं. शेवटच्या दोन इनिंग मी मॅच बघितलीच नाही. त्या बोटाकडे बघत होतो.

घरी आल्यावर बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हटलं, "बाबा, तुमच्या त्या पोराला परत मिळालं. गोल्ड ग्लव्ह."

"कुणाला? त्या खालच्या हातवाल्याला?"

"हो."

"मिळणारच. बाइज किती दिल्या?"

मी म्हटलं, बाबा, त्याला इथे पास्ड बॉल म्हणतात, पण ते जाऊ दे, आज इथे केवढा वाद झाला सांगतो. चकलीपासून सगळं सांगितलं. चार माना, विल स्मिथ, मशीन, सगळं. ते ऐकत होते. मग म्हटलं, "लोकांचं म्हणणं, याला बॅटिंग येत नाही, .२२२ सरासरी, सहा होमरन, याला कशाला द्यायचं."

पलीकडे शांत. मला वाटलं, रेंज गेली.

"अरे," बाबा म्हणाले, "तो बॅटिंगपण करतो?"