‘मराठी माध्यमाच्या पोट्ट्यांनी विमानाच्या नादी लागू नये’ म्हणे!

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं, की पायलट ट्रेनिंगमधले गोंधळ विद्यार्थी आणि एटीसी, म्हणजे विमानांना सूचना देणारा विमानतळावरचा टॉवर, यांच्यातल्या गैरसमजातून होतात, गैरसमज कच्च्या इंग्रजीतून होतात, म्हणून मराठी माध्यमाच्या पोट्ट्यांनी या फंदात पडू नये. खाली फुकटचे सल्ले: टॉवर सांगेल ते निमूट ऐका, ‘रॉजर’ म्हणा, उलट विचारू नका. आणि शेवटी दिलासा, लवकरच सगळं स्क्रीनवर येणार, बोलायचं कामच उरणार नाही. रेडिओटेलिफोनी, म्हणजे टॉवरशी रेडिओवर बोलायची रीत, शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हे वाचून गप्प तरी कसं बसावं?

इंग्रजीसाठी फॉरवर्डवाल्यांनी पुरावा दिलाय हरियाणातल्या चरखी दादरीच्या अपघाताचा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. चौकशीत कझाक वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीचा उल्लेख आहे, हे खरंच. पण मूळ कारण होतं ते त्यांचं विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं हे. टॉवरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नाही, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नसे. एवढं सगळं गाळून नुसतं ‘इंग्रजी’ उरवायचं म्हणजे कमालच झाली.

आणि इंग्रजीच मातृभाषा असलेल्यांचं काय? फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ उतरत होतं. वैमानिक अमेरिकन. कंट्रोलरने २,४०० फुटांवर यायला सांगितलं, शब्द वापरले ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. वैमानिकाने त्यातला ‘टू’ म्हणजे दोनाचा आकडा न धरता ‘पर्यंत’ असं धरलं आणि उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो’. म्हणजे ४०० फूट! कंट्रोलरनेही ते चुकीचं उत्तर पकडलं नाही. कॉकपिटमधलं धोक्याचं यंत्र ओरडत राहिलं, विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. तोच आकडा ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ असा म्हटला असता तर घोळच झाला नसता. इथे नापास कोणाचं इंग्रजी झालं? निसटली ती ठरलेली वाक्यरचना, निसटला रीडबॅक, म्हणजे सूचना नीट परत म्हणून दाखवणं, आणि तो कान देऊन ऐकून तपासणारा कंट्रोलरचा हिअरबॅकही.

वर्गात मला हेच दिसतं. ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे थ्री टू’ (३२ नंबरच्या धावपट्टीच्या अलीकडेच थांबा) अशी सूचना दिली की काटोलकडचं पोरगं घाबरत, अडखळत का होईना, ‘होल्डिंग शॉर्ट रनवे थ्री टू’ म्हणून मागे आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, लावतं. फाडफाड इंग्रजीवाला म्हणतो, ‘रॉजर सर, नो प्रॉब्लेम!’ टॉवरला यातलं पहिलंच उत्तर हवं असतं. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं पोचलं. काय पोचलं ते त्यातून कळत नाही. म्हणून रनवे, उंची, क्यूएनएच (उंची दाखवणाऱ्या यंत्रात लावायचा हवेचा दाब), ट्रान्स्पॉन्डर कोड (रडारवर विमान ओळखायचा आकडा) हे परत म्हणून दाखवावंच लागतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या भाषा-परीक्षेत सहा पायऱ्या आहेत आणि चौथी पुरते. त्या पायरीवर उच्चारात मातृभाषेची छटा चालते, फक्त समोरच्याला बहुतेक वेळा कळायला हवं. ऑक्सफर्डचं इंग्रजी कोणी मागत नाही, बाप्पा.

शिवाय कितीतरी घोळांचा भाषेशी काडीचा संबंध नसतो. रेडिओचं बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द कापला जातो, आणि तो ‘निगेटिव्ह’ असेल तर बोंबला. दोघे एकाच वेळी बोलले तर ऐकू येते नुसती किंचाळी. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन विमानं एकमेकांवर आदळून ५८३ जणांचा जीव गेला, तेव्हा टॉवरचा ‘थांबा’ अशा किंचाळीतच दबला होता. आणि टेकऑफची परवानगी नसताना विमान पळवणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन स्वतः इतर वैमानिकांना शिकवणारा होता. आपल्याला जे ऐकायची अपेक्षा असते तेच कानाला ऐकू येतं. सर्किटचे, म्हणजे विमानतळाभोवती फिरून परत उतरायच्या सरावाचे, फेरे मारताना दर वेळी ‘क्लिअर्ड टू लँड’ मिळत गेलं की पुढच्या वेळी न मिळताही मिळाल्यासारखं वाटतं.

स्क्रीनचं म्हणाल, तर लेखी संदेशांची सोय आहे, पण ती समुद्रावरून आणि खूप उंचावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांसाठी. सर्किटमधल्या सेसनाला, म्हणजे छोट्या शिकाऊ विमानाला, तिचा काही उपयोग नाही. फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, टाइप करत बसणार का कोणी?

सगळ्यात घातक सल्ला आहे ‘उलट विचारू नका’ हा. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या साउथएंडला १६ वर्षांचा एक विद्यार्थी एकट्याने उडत होता. तो उतरण्याच्या बेतात असताना मागून वेगवान विमान येत होतं, म्हणून टॉवरने त्याला न उतरता वळून बाजूला व्हायला सांगितलं. अशा वेळी काय करायचं हे त्याला कधी शिकवलेलंच नव्हतं. त्याने सूचना पाळली. कमी उंचीवर, कमी वेगात विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचलून धरणारा हवेचा आधार सुटला, आणि तो गेला. निमूट ऐकणं म्हणतात ते हेच. ब्रिटनमध्ये आता असा विद्यार्थी कॉलसाइनच्या आधी ‘स्टुडंट’ लावतो, म्हणजे कंट्रोलर जरा सांभाळून बोलतो. आपल्याकडे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर शिकाऊ सेसना आणि प्रवासी एअरबस एकाच टॉवरशी बोलतात. अशा गर्दीत ‘से अगेन’ (पुन्हा सांगा), ‘स्टँडबाय’ (जरा थांबा) आणि ‘अनेबल’ (हे जमणार नाही) हे शब्द पोराच्या तोंडात बसलेले हवेत. विमानाची शेवटची जबाबदारी त्यातल्या पायलटची, टॉवरची नाही, आणि परत विचारलं म्हणून कोणाचं लायसन्स जात नाही.

तेव्हा ॲडमिशनची चौकशी करायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. पहिल्या सोलोआधी, म्हणजे एकट्याच्या उड्डाणाआधी, टॉवरकडून भलतीच सूचना आली तर काय करायचं, याचा सराव देता का? आणि पोरगं ‘से अगेन’ म्हणालं की इन्स्ट्रक्टर खेकसतो का? दुसऱ्याचं खरं उत्तर ऑफिसात मिळायचं नाही. बाहेर टपरीवर चहा पीत बसलेल्या पोट्ट्यांना विचारा.